दोन आखूड, एक लांब

खोकला ओळखीचा निघाला तेव्हा ती सफरचंद खात होती. तोंडातला घास तसाच राहिला. कानांवर मोठे हेडफोन होते, समोर काचेची भिंत होती, भिंतीपलीकडे ऑफिसातली माणसं आवाजाशिवाय बोलत होती, हसत होती, कॉफीचे कप सांभाळत ये-जा करत होती, आणि इकडे तिच्या कानाच्या अगदी आत कुणीतरी नुकतंच झोपेतून उठून खोकत होतं. दोन आखूड. मग थोडी मोकळी जागा, जिच्यात श्वाससुद्धा नाही. मग एक लांब, तळातून वर चढत आलेला. आणि सगळं आटोपल्यावर, हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तसा एक बारीक आवाज, "हं." तिनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पुन्हा तेच. काळजात धस्स होतं म्हणतात, पण तिला तसं काही झालं नाही. पाण्यात शाईचा थेंब सोडावा आणि तो आपल्या सवडीनं पसरत जावा, तसं काहीतरी छातीपासून हातांच्या बोटांपर्यंत पसरत गेलं. ती म्हणाली, "दादा." मोठ्यानं म्हणाली. काचेपलीकडे कुणाची मान वळली नाही.

गेलं वर्षभर ती हेच काम करत होती. दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या माणसांसाठी एक ॲप तयार होत होतं. सकाळी उठल्यावर फोनसमोर बसायचं, खोकला आला तर खोकायचं, नाही आला तर नुसते चार श्वास घ्यायचे. ॲप ते ऐकणार, कालच्याशी आजचं ताडून बघणार आणि सांगणार की आज बरं आहे, किंवा आज पंप जवळ ठेवा, किंवा आज डॉक्टरांना गाठा. 'आपली तब्येत, आपल्या हाती' असं ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेलं होतं आणि त्याच भिंतीला टेकून सगळे सिगारेट सोडण्याच्या गप्पा मारायचे. ॲपचं दिसणं आणि बोलणं तिच्याकडे होतं. कुठलं बटण कुठे, कुठला रंग केव्हा, आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला नेमक्या कोणत्या शब्दांत काय सांगायचं. बाकीचे त्यासाठी आलेख बघायचे. ती ऐकायची. चाचणीसाठी आपणहून तयार झालेली बरीच माणसं होती, त्यांच्या परवानगीनं त्यांचे खोकले रोज सकाळी ऑफिसात यायचे, नावाशिवाय, नुसत्या आकड्यांवर. सुरुवातीला तिला वाटलं होतं, किळस येईल. तसं झालं नाही. खोकल्यांच्या मागे घरं होती. कपात चमचा फिरायचा, नळ सुटायचा, कुणीतरी स्वयंपाकघरातून ओरडायचं, "झालं का तुमचं ते खोकणं?" कुठे कबुतर, कुठे लिफ्टचं दार, कुठे बातम्या. एका बाईच्या खोकल्यानंतर दर वेळी एक कुत्रा एकदाच भुंकायचा, जणू हजेरी लावायचा. डोळे मिटून ऐकताना तिला आपण पायांत चपला न घालता या घरांमधून चालत चाललो आहोत असं वाटायचं. कुणाच्या बिछान्याच्या कडेवरून, कुणाच्या ओल्या टॉवेलजवळून. दुपारी ती हेडफोन काढायची तेव्हा ऑफिसचा आवाज अंगावर यायचा आणि आपण कुठल्या तरी दूरच्या गावाहून परत आलो असं वाटून ती क्षणभर खुर्चीत नुसती बसून राहायची.

त्या दिवशी मात्र ती परत आलीच नाही. घास गिळला, सफरचंद टेबलावर ठेवलं, ते तिथेच तपकिरी होत गेलं. ती लहानपणीच्या घरात शिरली होती. खाली बाबांचा फर्निचरचा कारखाना, वर घर. मधल्या लाकडी जिन्याच्या पायऱ्यांवर कायम भुशाचा थर, पाऊल टाकलं की मऊ लागायचा. दिवसभर खाली करवत आणि रंध्याचं मशीन, संध्याकाळी पॉलिशचा वास. तिला तो वास आवडायचा. शाळेतून आल्यावर ती रंध्याखाली बसून लांबलचक गुंडाळलेल्या ढलप्या गोळा करायची, कानांत अडकवायची, म्हणून बाबा तिला 'ढलपी' म्हणायचे आणि मग घरात सगळेच. दादा कारखान्यात यायचा नाही. त्याला वरच्या खिडकीशी मांडीवर उशी घेऊन बसलेला पाहिल्याचंच तिला जास्त आठवत होतं. कोपरं उशीवर टेकलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले. दोन आखूड. मग ती जागा. त्या जागेत सगळं घर थांबायचं. आईचा हात परातीत थांबायचा, गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवणारी ती शब्दाच्या मध्यावर थांबायची. मग लांब खोकला यायचा, "हं" यायचं, आणि दादा म्हणायचा, "हां, मग? राक्षस काय म्हणाला?" ती पुढे वाचायची. डॉक्टरांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं, पोराला भुसा आणि पॉलिश सोसत नाही, जागा बदला. बाबा घरी येऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले आणि मग म्हणाले, "लाकडानं कुणाचं वाईट केलंय आजवर? पाळण्यापासून शेवटपर्यंत माणसाला लाकूडच लागतं." बाबा वाईट नव्हते. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं की तुमच्या हातांनी तुमचं पोर आजारी पाडलंय, आणि ते त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं.

दादा गेला ती दुपारही तिला आठवली. तो कॉलेज संपवून नुकताच मोकळा झाला होता. दूरच्या शहरात नोकरी लागल्याचं त्यानं आईला सांगितलं होतं, बाबांना नाही. बॅग घेऊन तो जिना उतरला तेव्हा बाबा रंध्यावर होते. त्यांनी मशीन बंद केलं नाही. वर बघून ते काहीतरी बोलले, एकच वाक्य असेल, आणि रंध्याच्या आवाजात ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही. आई पुढे कायम म्हणत राहिली, "ते म्हणाले, जपून राहा." दादानं जाताना दारात तिला सांगितलं, "ऐकलंस? म्हणाले, परत येऊ नकोस." ती जिन्यावर उभी होती, तिला फक्त बाबांचे ओठ हलताना दिसले होते. बाबांना विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि पुढे बाबा गेले. तेव्हा दादा आला होता, दिवसभर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. त्यानंतर वर्षं लोटली. कारखान्याच्या जागी आता कुणाचं तरी औषधांचं दुकान होतं. आई तिच्याकडे राहायला आली होती. दादाचा नंबर मामानं एकदा आणून दिला होता, तो आईच्या फोनमध्ये होता, पण फोन इकडून गेला नव्हता आणि तिकडून आला नव्हता. "त्यानं करावा," आई म्हणायची. "धाकट्यानं आधी वाकायचं असतं." "आणि तू?" "मी वाट बघते. ते काय कमी काम आहे?"

त्या दिवसापासून सकाळी ऑफिसात पोचल्यावर ती आधी तो खोकला ऐकायला लागली. फोन करता आला असता. पण करून म्हणणार काय? तुझा खोकला मी ऑफिसात बसून चोरून ऐकला, असं? आणि खरं सांगायचं तर तिला घाई नव्हती. दादा रोज सकाळी तिच्या कानात यायचा, भांडणाशिवाय, मधल्या वर्षांच्या हिशेबाशिवाय, नुसता उठून बसलेला, केस विस्कटलेला दादा. असा भाऊ सांभाळायला सोपा होता. हळूहळू तिनं त्याचं घर लावून दिलं. खोकल्यामागे एक घड्याळ टिकटिकायचं, म्हणजे भिंतीवरचं जुनं घड्याळ. पायांचा आवाज यायचा नाही, म्हणजे जमिनीवर जाड काहीतरी अंथरलेलं. आणि पलीकडे, जरा लांबून, एका लहान मुलीचा आवाज पाढे म्हणायचा. सातापाशी अडखळायचा, मागे जायचा, पुन्हा चढायचा. ती मुलगी पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले. दादाला मुलगी आहे. म्हणजे आपण आत्या आहोत. घरी जाताना बसमध्ये तिनं तो शब्द ओठांत घोळवून पाहिला, आत्या, आत्या, आणि शेजारच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागली. दुकानातल्या लाल रबरी बुटांकडे तिचं लक्ष गेलं आणि मग तिला कळेना की मुलीचं पाऊल केवढं असेल. आईला ती काही बोलली नाही. पण रात्रीच्या जेवणाला बसताना तिला वाटायचं की टेबलाशी आपण दोघी नाही, चौघं आहोत, आणि आईला मात्र त्याचा पत्ता नाही.

एकदा राहवलं नाही म्हणून तिनं प्रोग्रॅमरला गाठलं. त्याला सगळे कासव म्हणायचे, कारण तो पाठीवरची बॅग ऑफिसातसुद्धा काढायचा नाही.

"या रेकॉर्डिंगच्या माणसाचं नाव काढता येईल?"

"नाही."

"येत नाही, की करायचं नाही?"

"अगं, नाव आपल्याकडे येतच नाही." त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. "तूच अडून बसली होतीस ना? ज्याचं दुखणं त्याच्यापाशी, आपण नाव-गाव विचारायचं नाही. मी त्यापायी केवढं डोकं फोडलंय. आता तुलाच नाव हवंय?"

"आवाज ओळखीचा वाटला, एवढंच."

"खोकला तो खोकला. सगळ्यांचा सारखाच."

"मुळीच नाही," ती इतक्या जोरात म्हणाली की कासवानं मान आत घेतली.

मग खोकला बिघडायला लागला. आधी तिला वाटलं की आपणच जास्त कान देऊन ऐकतोय. पण मधली जागा लांबत चालली होती. लांब खोकला आता चढायचा नाही, अर्ध्यावर तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि एका सकाळी "हं" आलंच नाही. तिनं रेकॉर्डिंग संपल्यावरही वाट पाहिली, जणू ते मागाहून येईल. मुलगी पलीकडे पाढे म्हणतच होती. या पोरीच्या लक्षात कसं येत नाही, घरातल्या बाईच्या लक्षात कसं येत नाही, असं वाटून ती एका परक्या, कधी न पाहिलेल्या वहिनीवर मनातल्या मनात चिडली. ॲपला कळत होतं. ॲपनं रंग पिवळा केला होता आणि खाली तिचंच वाक्य दाखवलं होतं, 'आज थोडी काळजी घ्या.' ते वाक्य तिनं मोठ्या विचारानं लिहिलं होतं. मऊ, न दुखवणारं. आता ते वाचताना तिला वाटलं की बुडणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरून कुणीतरी अदबीनं नमस्कार करतंय. ती छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या आठवड्यातून काही वेळ ऑफिसात येऊन सल्ला द्यायच्या आणि चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत राहायच्या.

"हे वाक्य बदलायला हवं," ती म्हणाली. "ज्यांचं असं सलग खालावत चाललंय, त्यांना स्पष्ट सांगू या."

"घाबरवलं की माणसं ॲप काढून टाकतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं काढून टाकता येत नाही, ॲप येतं."

"घाबरवायचं नाही. पण एकट्यानं घरात बसून काळजी म्हणजे घ्यायची कशी? आमच्याकडे एक जण असाच बसायचा. उशी घेऊन. सगळे थांबायचे, पण उठून जवळ कुणी जायचं नाही." हे बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. असं झालं होतं? झालं होतं. आईचा हात परातीत थांबायचा, तिचं पुस्तक थांबायचं, आणि सगळे आपापल्या जागी बसून तो खोकला पार पडायची वाट बघायचे. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग कपाळावरचा चष्मा त्यांना सापडला.

"काय लिहू म्हणतेस?"

"'आज एकटे राहू नका. कुणाला तरी बोलवा आणि डॉक्टरांकडे जा.'"

"कुणाला तरी," डॉक्टरीणबाईंनी तेवढंच पुन्हा म्हटलं. "बरं. लिही."

कासवानं ते त्याच दुपारी बसवलं. ज्यांची तब्येत अशी उतरणीला लागली होती त्या सगळ्यांना ते वाक्य जाणार होतं, आणि दादा त्यांतला एक होता, म्हणजे नियम कुठे मोडला नव्हता. तरी घरी जाताना तिला आपण कुणाच्या तरी खिडकीवर खडा मारून पळालो आहोत असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं रेकॉर्डिंग आलं नाही. तिनं पुन्हा पाहिलं. इतर सगळे आले होते, कुत्रा भुंकला होता, कबुतर घुमलं होतं. त्याच्या जागी काही नव्हतं. ती हेडफोन लावून तशीच बसली, कानांत आपल्याच रक्ताची घरघर ऐकत, आणि तिला खिडकीशी पडलेली उशी दिसत राहिली, नुसती उशी, मधोमध दोन कोपरांचे खड्डे पडलेली. आईच्या फोनमधला तो नंबर आता मागावाच लागेल, असं तिच्या मनात आलं. आणि तेवढ्यात तिला तो खोकला ऐकू आला. हेडफोनमध्ये काही चालू नव्हतं. खोकला बाहेर होता. दोन आखूड. ती उठली, हेडफोनची वायर टेबलावरचं पाणी सांडत मागे ओढली गेली, अर्धवट उघडं राहिलेलं काचेचं दार तिनं खांद्यानं ढकललं. लांब खोकला सुरू होऊन तुटला तोवर ती कॉरिडॉरमध्ये पोचली होती आणि चेहरा कसा करावा ते तिचं ठरत नव्हतं. रागावलेला? हसरा? लहानपणचा?

दाराशी, पाहुण्यांच्या बाकावर, एक म्हातारा बसला होता. उंच, काटकुळा, नीट इस्त्रीचा काळा कोट, गुडघ्यांवर हात. ओठ निळसर पडले होते. दादाशी त्याचं केसाइतकंही साम्य नव्हतं. ती त्याच्या मागे पाहत राहिली, अजून कुणीतरी आत येईल म्हणून. कुणी आलं नाही.

"माफ करा हं," तो म्हणाला. दर दोन शब्दांनंतर त्याला थांबावं लागत होतं. "या फोननं मला सांगितलं, कुणाला तरी बोलवा. बोलवण्यासारखं कुणी आठवेना. मग म्हटलं, ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडेच जावं. पत्ता त्यातच होता."

तिनं त्याच्यासमोर खाली बैठक मारली. डॉक्टरीणबाईंना बोलवायला कासव धावला, बॅगेसकट. ती म्हाताऱ्याचा हात धरून बसली. हात थंड होता. "बोलू नका," ती म्हणाली, पण त्याला बोलायचं होतं, ज्याला बरेच दिवस कुणी भेटलेलं नसतं त्याला असतं तसं. तो नाट्यगृहात माणसांना अंधारात टॉर्च दाखवून खुर्चीवर नेऊन बसवायचा. सगळी नोकरी त्यातच गेली. "तिथे खोकायची सोय नाही. नाटक चालू असताना खोकलं की लोक वळून बघतात. दोन सुटायचे हातून. मग धरून ठेवायचा. टाळ्या पडल्या की मोकळा सोडायचा."

"आणि टाळ्या पडल्याच नाहीत तर?"

"तर डोळ्यांतून पाणी येतं. लोकांना वाटतं, याला नाटक भिडलं." तो हसला आणि त्या हसण्यानंच त्याला पुन्हा खोकला आला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली त्या दोन आखूड धडका, मग बरगड्या आवळून धरलेली ती जागा. म्हणजे तिथे श्वास अडत नव्हता. तिथे माणूस खोकला गिळत होता. कुणी वळून बघू नये म्हणून. तिला जिन्याखालून येणारा रंध्याचा आवाज आठवला, तो मध्येच थांबला की दादाचा चेहरा कसा व्हायचा ते आठवलं. रंधा थांबला म्हणजे खाली वरचं ऐकू जाणार. खोकला ऐकला की बाबा जेवताना बोलायचे नाहीत. आणि रंधा पुन्हा सुरू झाला की लांब खोकला सुटायचा. ती इतकी वर्षं त्या जागेत दादाच्या छातीत काहीतरी बिघडलंय असं समजत होती. तो फक्त बाबांना त्रास होऊ नये म्हणून थांबत होता.

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली आणि एकच शब्द उच्चारला, "गाडी." ती सोबत गेली. दवाखान्यात नर्सनं भराभर मास्क लावला, सुई टोचली, पडदा ओढला आणि मग तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"मला बोलावलंय यांनी," ती म्हणाली. नर्सनं भुवया उंचावल्या, पण तिच्यासाठी स्टूल ओढून दिलं.

दुपार तिथे गेली. खिडकीला धुरकट काच होती, तिच्यातून ऊन दुधासारखं गळत होतं, आणि म्हाताऱ्याच्या मास्कमध्ये वाफ यायची आणि विरायची, यायची आणि विरायची. ती पाहता पाहता तिचा स्वतःचा श्वास त्याच्या तालावर चालायला लागला आणि आपण कुठे आहोत, खाली कारखाना आहे की काय, याचा तिला क्षणभर विसर पडला. ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला. संध्याकाळच्या सुमारास त्यानं मास्क जरा बाजूला केला.

"तुम्ही तिथे काय करता? ऑफिसात?"

"ऐकते. तुम्ही सगळे सकाळी खोकता ते."

"तुम्ही ऐकता?" तो खरोखरच ओशाळला. "मला वाटलं, मशीन ऐकतं. आधी सांगायचं ना. जरा नीट खोकलो असतो."

ती हसली. मग विचारू नये ते तिनं विचारलं. "तुमच्याकडे एक लहान मुलगी आहे ना? पाढे म्हणणारी?"

"ती? शेजारची. भिंत पातळ आहे आमची." त्यानं मास्क नाकावर ओढून घेतला आणि आतून म्हणाला, "सातात चुकते कायम."

एवढंच. तिच्या हातातून कुणीतरी अलगद काहीतरी काढून घेतलं, आणि घेणाऱ्याचा काही दोष नव्हता. लाल रबरी बूट, भिंतीवरचं घड्याळ, कधी न पाहिलेली वहिनी. त्यातलं काही या माणसाच्या भिंतीपलीकडचं होतं, काही कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी येऊन सांगितलं की छातीत पाणी साचलं होतं, काही दिवस ठेवून घ्यावं लागेल, पण आज आले ते बरं झालं, माणूस उभा राहील. "उद्या येईन," ती म्हाताऱ्याला म्हणाली. त्यानं दोन बोटांनी टॉर्च दाखवल्यासारखी दाराची वाट दाखवली.

घरी पोचली तेव्हा उजेड अजून होता. आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, चिमटे तोंडात धरून. तिनं आईच्या तोंडातले चिमटे एकेक करून काढून घेतले.

"दादाचा नंबर दे."

"का? काय झालं त्याला?" आईच्या हातातली चादर खाली लोळली.

"काही झालं नाही. निदान मला माहीत नाही. म्हणून तर विचारायचंय."

"त्यानं करावा, असं आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं, आई. मी धाकटी आहे. धाकट्यानं आधी वाकायचं असतं ना? मग मी वाकते."

फोन आत मेजावर होता, तिकडे आईनं हनुवटीनं दाखवलं आणि उरलेले कपडे काढायला वळली, पण काढले एकही नाहीत. नंबर लावताना तिला जाणवलं की दादाचा आत्ताचा आवाज आपल्याला ठाऊकच नाही. बेल वाजत राहिली. मग कुणीतरी "हॅलो" म्हणालं, जाड, जरासं थकलेलं, मागे कुठेतरी कुकरसारखं काहीतरी शिट्टी देत होतं.

"मी," ती म्हणाली.

पलीकडे शिट्टी बंद झाली. "ढलपे?"

"हो."

"आई बरी आहे ना?" त्याचा आवाज एकदम बदलला.

"बरी आहे. इथेच आहे. कपडे काढतेय. दादा, तुझा खोकला कसा आहे?"

"कसला खोकला?" तो खरंच गोंधळला होता. मग बराच वेळ त्याला आठवायला लागला, आणि तो वेळ तिनं कान देऊन ऐकला. "तो होय? अगं, तो केव्हाच गेला. मी गेलो त्याच वर्षी. इकडे आल्यावर महिना-दोन महिने होता, मग एकदा लक्षात आलं की कधीपासून आलाच नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कोण सांगणार?"

"हो," तो म्हणाला. "कोण सांगणार."

आम्ही इकडे तुझा खोकला सांभाळून ठेवला आणि तू तो कधीच टाकून दिलास, असं तिला म्हणायचं होतं. बाबांचा रंधा पुन्हा चालू होईपर्यंत तू थांबायचास हे मला आज कळलं, असंही. तिनं एवढंच विचारलं, "मग रे? कसं चाललंय तुझं?" आणि तो सांगायला लागणार तेवढ्यात आई आत आली. तिनं पदराला हात पुसले, काही न बोलता फोन घेतला आणि कानाला लावला. पण बोलली नाही. पलीकडूनही काही आलं नाही. आईनं डोळे मिटले. आई काय ऐकतेय ते तिला चांगलं समजत होतं, कारण ते काम ती स्वतः वर्षभर करत आली होती. फक्त आईला त्यासाठी हेडफोन लागत नव्हते. गॅलरीत रिकाम्या दोरीवर चिमटे हलत होते.

"खोकून दाखव," आई फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून एक खोटा, ओढूनताणून काढलेला खोकला आला, शाळा बुडवायला मुलं काढतात तसा, आणि त्याच्यामागोमाग आवरता न आलेलं हसू, इतकं मोठं की ते तिलाही ऐकू आलं. आई हसली नाही. ती खुर्ची ओढून नीट टेकून बसली, फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"नाही येत तुला आता," ती म्हणाली. "राहू दे. बोल."